माथेरान कुणाच्या पायांनी?

सर्वोच्च न्यायालयाने ६ ऑगस्ट २०२५ रोजी माथेरानमधील माणसाने ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हापासून आमच्या परिचयातील काही साहित्यप्रेमी मंडळींना एक हळहळ लागून राहिली आहे. यांत मराठीचे प्राध्यापक आहेत, ललितलेखक आहेत, वर्षातून एकदा माथेरानला जाऊन येणारे रसिकही आहेत. हातरिक्षा राहाव्यात असे यांतले कोणीही उघडपणे म्हणत नाही. त्यांचे म्हणणे एवढेच की, ई-रिक्षा आली आणि माथेरान संपले. पायी हिंडावे असे एक गाव महाराष्ट्रात उरले होते, तेही गेले. ही हळहळ ऐकायला मोठी सुसंस्कृत वाटते. आमचा तिला विरोध आहे. तो सविस्तर मांडणे आम्हांला आवश्यक वाटते, कारण या हळहळीचा उगम आपल्या वर्गांत आहे, आपण जे प्रवासवर्णन शिकवतो त्यात आहे, आणि आम्हीही त्या पापाचे धनी आहोत.

२०१९ च्या जानेवारीत आम्ही दोघे शिक्षक मराठी विभागाचे विद्यार्थी घेऊन माथेरानला गेलो होतो. चिंचवडहून रेल्वेने कर्जत, तेथून लोकलने नेरळ, पुढे टॅक्सीने दस्तुरी नाका. दस्तुरीला वाहने थांबतात आणि तेथून बाजारपेठेपर्यंतचे सुमारे अडीच-तीन किलोमीटर पायी जायचे. लाल माती, जांभूळ-अंजन-हिरड्याची गर्द सावली, कडेने धावणारे छोट्या गाडीचे रूळ, घोड्यांच्या टापा, पिशवी हिसकावायला टपलेली माकडे. चिखलीतून, म्हणजे भंगाराची गोदामे, कंटेनर आणि सततचा हॉर्न यांच्या गराड्यातून गेलेल्या मुलांना ती शांतता आधी खरीच वाटेना. दोन दिवस आम्ही मुलांना मनसोक्त हिंडवले. शार्लोट तलाव आणि त्याच्या काठचे पिसरनाथाचे देऊळ, लुईझा पॉइंट, एको पॉइंट, वन ट्री हिल. परतल्यावर ‘माथेरान : एक पायी भ्रमंती’ या विषयावर निबंध लिहायला सांगितला.

सव्वीस निबंध आले. बहुतेकांत शेकरू होते, धुके होते, सूर्यास्त होता. ‘निसर्गाच्या कुशीत’ हा शब्दप्रयोग तर आम्ही मोजायचेच सोडून दिले. एका मुलीचा निबंध मात्र वेगळा होता. आमच्यातील एकाचा गुडघा दुखत असल्यामुळे दस्तुरीहून त्याने हातरिक्षा केली होती. एक माणूस पुढे दांड्या धरून ओढणारा, दुसरा मागून ढकलणारा. ही मुलगी त्या रिक्षेच्या मागोमाग चालत होती. बाजारापर्यंत पुढचा माणूस सात वेळा दम घ्यायला थांबला, असे तिने लिहिले होते. उतारावर मागचा माणूस ढकलत नाही, टाच रोवून गाडी मागे खेचून धरतो, आणि ते ओढण्यापेक्षा अवघड दिसते, हेही तिने टिपले होते. ज्या गावच्या बाजारात चामड्याच्या चपलांची दुकानेच दुकाने आहेत, त्या गावात या माणसाच्या कॅनव्हासच्या बुटांतून अंगठा बाहेर आला होता. हे सारे तिने साध्या वाक्यांत, एकही अलंकार न वापरता लिहिले होते. आम्ही तिला दहापैकी पाच गुण दिले आणि समासात लाल शाईने शेरा मारला : ‘विषयांतर.’

तो शेरा आम्हां दोघांनाही त्या वेळी योग्य वाटला होता, हे येथे कबूल केले पाहिजे. तो का वाटला, हा आमच्या मते खरा वाङ्मयीन प्रश्न आहे.

थंड हवेच्या ठिकाणाचे वर्णन कसे करायचे याचा एक साचा आपण इंग्रजी अमदानीतून उचलला आणि त्याकडे पुन्हा वळून पाहिले नाही. माथेरानचा ‘शोध’ १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने लावला, हे वाक्य मराठी मार्गदर्शिकांत आजही निःसंकोचपणे छापले जाते. शोध कसला लावला? माथ्यावरचे रान ते माथेरान, हे नाव मॅलेटने ठेवलेले नाही. ते ज्यांनी ठेवले ते ठाकूर, कातकरी, धनगर या डोंगराच्या अंगाखांद्यावर आधीपासून वावरत होते, त्यांच्या पायवाटांनीच साहेब वर चढला. त्यानंतर कड्याकड्यांना लुईझा, शार्लोट, अलेक्झांडर, पॉर्क्युपाइन अशी नावे पडली. ‘पॉइंट’ म्हणजे तरी काय? जेथे उभे राहून गावाकडे पाठ करायची आणि खालच्या दरीकडे पाहायचे, अशी जागा. आपली माथेरानवरील ललित पाने या पॉइंटांच्या यादीने चालतात. सगळी यादी पुरी होते आणि लेखकाने गाव एकदाही पाहिलेले नसते.

पाहिले असते तर काय दिसले असते? या गावात गॅसच्या टाक्या, पिठाची पोती, विटा, वाळू, हॉटेलातल्या गाद्या यांतली कोणतीही गोष्ट आपोआप येत नाही. दस्तुरीपासून पुढे ती घोड्याच्या पाठीवर, हातगाडीवर नाहीतर माणसाच्या डोक्यावर चढते. पायथ्याच्या वाड्यांतल्या बाया दूध, भाजी, मोसमात जांभळे घेऊन डोंगर चढतात आणि संध्याकाळी उतरतात. त्यांनाही माथेरान पायीच हिंडावे लागते, पण त्यांच्या हिंडण्याला आपण भ्रमंती म्हणत नाही. याच गावात १९१२ साली विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल एका नाभिक कुटुंबात जन्मले. वकील झाले, शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या आणि मुलांसाठी शाळा काढल्या, बेचाळीसच्या लढ्यात आझाद दस्ता उभारला आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या जंगलात हुतात्मा झाले. माथेरानवरचे किती ललितलेख त्यांच्यापाशी क्षणभर थांबतात? सूर्यास्तापाशी सगळेच थांबतात.

चालण्याचे वाङ्मय मराठीत नाही, अशातला भाग नाही. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ आपण पदव्युत्तर वर्गांना शिकवतो. हा भिक्षुक माथेरान ज्या जिल्ह्यात आहे त्याच रायगड जिल्ह्यातल्या, पेणजवळच्या वरसई गावचा. १८५७ साली तो उत्तरेकडे पायी निघाला तो हौसेने नव्हे. घरावरचे कर्ज फेडण्यापुरती दक्षिणा मिळेल या आशेने. चालणे ही त्याची गरज होती, म्हणून त्याला रस्त्यावरचा माणूस दिसला. हे पुस्तक चिंतामणराव वैद्यांनी संपादून प्रसिद्ध केले १९०७ साली. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधलेली नेरळ-माथेरानची सुमारे एकवीस किलोमीटरची छोटी रेल्वे सुरू झाली, तीही १९०७ सालीच. हा निव्वळ योगायोग आहे, त्यात आम्हांला काही गूढ सुचवायचे नाही. परंतु पुढच्या शतकात आपल्या हौशी प्रवासलेखनाने या दोहोंपैकी कोणाचा हात धरला, हे सांगण्यासाठी समीक्षकाची गरज नाही. आपण गाडीत बसलो आणि खिडकीतून पाहू लागलो. उतरून चालू लागलो तेव्हाही डोळ्यांपुढची खिडकी गेली नाही.

आता विरुद्ध बाजूचा बळकट मुद्दा. ‘आज ई-रिक्षा, उद्या मोटार’ ही भीती खोटी नाही. केंद्र सरकारने २००३ मध्ये माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केले, ते योग्यच झाले. मोटारी वर गेल्या तर या जांभ्या दगडाच्या डोंगराचे काय होईल, हे सह्याद्रीतल्या इतर गिरिस्थानांची कोंडी पाहिलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. घोड्यांवर पोट असलेल्या अश्वपालांनी ई-रिक्षाला विरोध केला. त्यांच्या चिंतेला आम्ही सौंदर्यवाद्यांच्या हळहळीच्या पंक्तीला बसवणार नाही, ती पोटाची चिंता आहे. न्यायालयानेही या भीतीची दखल घेतली आहे. दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवावेत, आतल्या रस्त्यांवर आणि पायवाटांवर बसवू नयेत, असे त्याच निकालात म्हटले आहे. म्हणजे ज्या पायवाटांसाठी आमचे मित्र अश्रू ढाळतात त्या पायवाटा त्या निकालानेच राखल्या आहेत. ई-रिक्षा राज्याने घ्याव्यात आणि हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच भाड्याने चालवायला द्याव्यात, पैसा नाही ही सबब चालणार नाही, असेही त्यात आहे. निकाल पुरता न वाचताच त्यावर शोकगीत गायचे, ही रसिकता आम्हांला मान्य नाही.

वाहनबंदी डोंगर वाचवण्यासाठी होती. माणसाला गाडीला जुंपण्याची ती परवानगी नव्हती. या दोन गोष्टींची गल्लत ज्यांनी केली त्यांत आपण शिक्षक आहोत. ई-रिक्षाची मागणी हातरिक्षा ओढणाऱ्यांच्याच बाजूने पुढे आली होती, हे हळहळणाऱ्यांनी कधी उच्चारलेले आम्ही ऐकले नाही. २०२२ च्या अखेरीस ई-रिक्षांचा प्रायोगिक आरंभ झाला तोही त्यांच्याच न्यायालयीन पाठपुराव्यातून. आपल्या सौंदर्यदृष्टीचा एक भाग म्हणून आपण ज्यांना त्या लाल रस्त्यावर उभे केले होते, त्यांनीच त्या चित्रातून बाहेर पडण्यासाठी न्यायालयाचे दार ठोठावले.

चिखलीत राहणाऱ्यांना हे समजायला जड जाऊ नये. देहू आणि आळंदीच्या मधले हे गाव, जुन्या लोकांच्या तोंडी टाळगाव चिखली. तुकोबांचा टाळ येथे पडला अशी आख्यायिका सांगणारे हे गाव चालणाऱ्यांना ओळखते. वारीत जो चालतो तो स्वतःच्या पायांनी चालतो, म्हणून त्याच्या चालण्याला अर्थ आहे. दुसरेही चालणारे येथे रोज दिसतात : पाळी सुटल्यावर तळवड्याच्या रस्त्याने, पदपथ नसलेल्या कडेने, डबा हातात घेऊन ओळीने निघालेले कामगार. त्यांना उद्या स्वस्त बस मिळाली तर ‘पायी चालण्याची संस्कृती लोपली’ असा लेख कोणी लिहील काय? लिहिल्यास त्याला आपण हसू. माथेरानबाबत तोच लेख लिहिला की आपण त्याला ललित म्हणतो, एवढाच फरक.

माथेरान पायी हिंडू नये असे आम्ही म्हणत नाही. अवश्य हिंडावे, मुलांना घेऊन हिंडावे. मात्र एकदा पॉइंटांकडे पाठ करून गावाकडे तोंड करून हिंडावे. आपल्या बॅगा कोणी उचलल्या, आपण खाल्लेले पीठ कोणी वर आणले, हे निबंधात यावे आणि त्याला गुण मिळावेत. प्रवासवर्णनाच्या तासाला ‘निसर्गचित्रण’ आणि ‘शैली’ या मथळ्यांखाली टिपणे देणाऱ्या आपण सर्वांनी ‘श्रम’ असा तिसरा मथळा का लिहिला नाही, याचे उत्तर आधी स्वतःला द्यावे.

ती मुलगी पदवी घेऊन केव्हाच गेली. तिचा निबंध आमच्यापाशी राहिला आहे. न्यायालयाचा निकाल वाचल्यावर आम्ही तो कपाटातून काढला. सात वेळा थांबलेल्या त्या माणसाच्या रिक्षेत आमच्यातलाच एक बसला होता, आणि तो किती वेळा थांबला हे त्याला आठवत नव्हते.