आजीच्या आमटीत मीठ का वाढलं?

आमच्या आजीच्या हातची चिंच-गुळाची आमटी घरात सगळ्यांच्या आवडीची. पण गेल्या वर्षी ती कधी खारट, तर कधी जास्तच गोड होऊ लागली. आम्ही हसून म्हणायचो, “आजी, लक्ष कुठे असतं तुझं?” मग एका दुपारी तिने आंबलेलं वरण निमूटपणे भातावर घेतलं. तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं की, तिला वासच येत नाहीये.

तुमच्या घरातही कुणी ज्येष्ठ “जेवणाला चवच नाही” म्हणत असतील, तर त्यांना हट्टी ठरवू नका आणि स्वयंपाक करणाऱ्यालाही दोष देऊ नका.

असं का होतं?

जिभेला गोड, आंबट, खारट, कडू अशा मोजक्याच चवी कळतात. बाकीचा स्वाद नाकामुळे येतो. नाक चिमटीत धरून बडीशेप चावून बघा, नुसता गोडवा जाणवेल. नाक सोडलंत की बडीशेप ओळखू येईल.

साठीनंतर वास घेण्याची क्षमता हळूहळू कमी होते. हे इतकं सावकाश घडतं की, त्या व्यक्तीलाही कळत नाही. सायनसचा त्रास, कोविड, धूम्रपान, डोक्याला मार, कोरडं तोंड आणि काही औषधं हीदेखील कारणं असू शकतात.

दुर्लक्ष का नको?

• चव लागावी म्हणून मीठ-साखर वाढते. रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर हे महागात पडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे.

• जेवण कमी होतं, वजन उतरतं.

• सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं रसायन मिसळतात. तो वासच आला नाही, तर धोका कळणार कसा?

काय कराल?

• आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. सुरू असलेल्या औषधांची यादी सोबत न्या, पण कोणतंही औषध मनाने बंद करू नका. वास अचानक गेला असेल किंवा सोबत विसरभोळेपणा, हाताला कंप असेल, तर उशीर करू नका.

• डॉक्टरांना विचारून वासाचा सराव सुरू करा. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी यांचा वास रोज दोनदा, प्रत्येकी काही सेकंद, लक्ष देऊन घ्यायचा. किमान 3 महिने चिकाटी हवी.

• मिठाऐवजी लिंबू, कोकम, आलं, लसूण, पुदिना, भाजलेलं जिरं वापरा. जेवण गरम वाढा.

• फ्रीजमधल्या डब्यांवर तारीख लिहा.

• गॅस गळतीचा अलार्म जमिनीलगत लावा, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळतीसाठी 1906 हा हेल्पलाइन नंबर ओट्याजवळ चिकटवा.

आमच्याकडे आमटी आजही आजीच करते. फक्त मीठ घालण्याआधी मला हाक मारते, “ये गं, चव बघ.” तिचा अंदाज आणि माझी जीभ, जोडी छान जमली आहे. आज जेवताना तुम्हीही घरातल्या मोठ्यांना विचारा, “वास येतोय ना नीट?”