भंगारातल्या प्लॅटिनमचा भाव कोण ठरवणार?

बेंगळुरूत भारत स्टेज ४ हे वाहनांच्या धुराचे निकष एप्रिल २०१० मध्ये, देशभर लागू होण्याच्या सात वर्षे आधी आले. तेव्हा रस्त्यावर उतरलेल्या मोटारी आता पंधरा वर्षांच्या झाल्या आहेत. त्यातल्या कित्येक शिवाजीनगरच्या गुजरी या भंगारबाजाराची किंवा सरकारमान्य मोडणी केंद्राची वाट धरतील. बॅटरीचा आणि टायरचा भाव मालकाला साधारण ठाऊक असतो. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मात्र सायलेन्सरबरोबर लोखंडात धरला गेला, तरी त्याच्या लक्षात येत नाही. हे थांबायला हवे.

त्या पत्र्याच्या डब्यात सिरॅमिकची जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम यांचा पातळ लेप. तिन्ही मिळून काही ग्रॅमच, पण सारी किंमत त्यातच. डब्याच्या आकारावरून ती कळत नाही. कंपनीने बसवलेल्या छोट्या डब्यात जेवढे धातू असतील, तेवढे बाजारातून नंतर बसवलेल्या मोठ्या डब्यात नसतीलही. डिझेल गाडीच्या कन्व्हर्टरमध्ये सहसा रोडियम नसतेच. जाळी फुटून सांडली असेल, तर उरतो तो नुसता पत्रा. म्हणून जाणकार आधी डब्यावर कोरलेला क्रमांक वाचतो आणि जाळी वाजते का ते पाहतो. क्ष-किरणांची हातातली बंदूक अंदाज देते. खरा आकडा मात्र जाळी दळून, नीट मिसळून घेतलेल्या नमुन्याच्या तपासणीतूनच निघतो.

त्यात भावही स्थिर नाही. मार्च २०२१ मध्ये रोडियम औंसाला २९ हजार डॉलरच्या आसपास होते. २०२३ अखेर ते पाच हजारांच्याही खाली आले. त्या तेजीच्या काळातच गुजरात आणि महाराष्ट्रात मारुती ईकोचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या पकडल्या गेल्या. चोरांना जे कळले, ते गाडीमालकाला कळू नये, ही खेदाची गोष्ट आहे.

भारत हे धातू जवळजवळ सगळे आयात करतो. तरीही एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या मोडीत निघणाऱ्या वाहनांच्या नियमांत वाहन उत्पादकांचे पुनर्चक्रणाचे उद्दिष्ट पोलादावर मोजले जाते. त्यात या तीन धातूंचीही भर पडली पाहिजे. आणि कर्नाटकाने त्यासाठी थांबू नये: मोडणी केंद्राने मालकाला द्यायच्या पावतीवर कन्व्हर्टरचा क्रमांक, जाळीचे वजन आणि त्या दिवशीचा भाव वेगळा लिहिलाच पाहिजे, असा आदेश राज्याने काढावा.