हयातीचा दाखला

परवा लातुरात एका बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेलो. अंगठा काही उमटेना. तेहतीस वर्षे खडू धरला, आता वयाने रेषाही झिजल्या. "सर, मशीन घेईना," खिडकीतला मुलगा म्हणाला. म्हणजे मी समोर उभा, पण हयात नाही!

'जीवन प्रमाण' २०१४ मध्ये आले ते म्हाताऱ्यांचे हेलपाटे वाचावेत म्हणून. २०२१ पासून चेहऱ्यावरूनही पडताळणी होते. कागदी दाखलाही चालतो. मग अडते कुठे? यंत्राचा नकार हाच आपला निर्णय मानण्यात. यंत्र चुकेल, त्याला डोळे नाहीत. तुम्हाला आहेत ना? मग दोन एसट्या बदलून आलेल्या म्हातारीला "उद्या या" म्हणण्याआधी एकदा तिच्याकडे बघा. ती जिवंत आहे.