एकट्याची धाव, संघाची बेरीज

बर्फाच्या उतारावरून स्पर्धक एकटाच खाली येतो, त्याची वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत स्वतंत्रपणे मोजली जाते आणि तो घसरला तर सावरून घ्यायला शेजारी भिडू नसतो; त्यामुळे स्कीइंगमध्ये ‘संघ’ हा शब्द एकाच रंगाच्या जाकिटांपुरता असावा, असा समज सहज होतो. अमेरिकेतील महाविद्यालयीन स्पर्धांची रचना मात्र हा समज खोटा ठरवते. विद्यापीठीय संघांचे एनसीएए अजिंक्यपद १९८३ पासून स्त्री-पुरुषांसाठी एकत्रित घेतले जाते. त्यात एका संस्थेचे जास्तीत जास्त बारा स्पर्धक असतात. खांबांच्या वळणांतून उतार उतरणारे आल्पाइन आणि चढउताराच्या लांब वाटेवर दम टिकवून धावणारे नॉर्डिक, असे दोन्ही प्रकारचे स्पर्धक एकाच चषकासाठी गुण जमा करतात. विद्यार्थ्यांच्या क्लब-संघांसाठी असलेल्या यूएससीएसए या संघटनेच्या आल्पाइन शर्यतींत सर्वसाधारणपणे पाच जण उतरतात आणि त्यांतील तिघांच्या वेळांची बेरीज संघाच्या नावे लागते. जिथे धाव एकट्याची पण हिशेब सर्वांचा, तिथे सहखेळाडूला आधार देणे हे स्वभावाच्या चांगुलपणावर सोडून चालत नाही. स्कीच्या कडांना धार लावण्याइतकेच ते शिकण्याचे आणि शिकवण्याचे कौशल्य आहे.

या आधाराचे स्वरूप आधी नीट ओळखले पाहिजे. न्यू इंग्लंडमधील महाविद्यालयीन शर्यतींना ‘कार्निव्हल’ म्हणतात, आणि १९११ मध्ये सुरू झालेल्या डार्टमथच्या हिवाळी कार्निव्हलपासून प्रेक्षकांचा जल्लोष ही त्यांची ओळख राहिली आहे. पण हा जल्लोष अंतिम रेषेजवळ असतो, तर स्पर्धकाला गरज असते ती वर, प्रारंभाच्या फाटकापाशी. शर्यतीपूर्वी प्रत्येक जण मार्गाच्या कडेने हळूहळू घसरत वळणे पाठ करतो. तथापि पहिले काही स्पर्धक उतरून गेले की वळणांवर चर पडतात आणि पाठ केलेला मार्ग बदललेला असतो. अशा वेळी खाली पोहोचलेल्या सहखेळाडूने रेडिओवरून वर कळवलेली दोन वाक्ये, उदाहरणार्थ कोणत्या वळणावर बर्फ उखडला आहे आणि कुठे रेषा थोडी वरून धरावी, ही शंभर आरोळ्यांपेक्षा मोलाची ठरतात. कडाक्याच्या थंडीत शेवटच्या क्षणापर्यंत अंगावर ठेवलेले जाकीट खाली नेऊन देणे, मार्गावरचा भुसभुशीत बर्फ स्कीने साफ करणे, बर्फाच्या तापमानाप्रमाणे स्कीला मेण लावायला हातभार लावणे, नॉर्डिक धावपटूला वाटेत उभे राहून पुढच्यापासूनचे अंतर सेकंदांत सांगणे, ही सर्व कामे याच आधाराची रूपे आहेत.

अशा आधाराने कामगिरी सुधारू शकते, या अपेक्षेला मानसशास्त्रातील जुन्या प्रयोगांचा पाया आहे. फ्रेंच अभियंता रिंगेलमान याला दोर ओढण्याच्या प्रयोगांत असे आढळले होते की माणसे वाढत जातात तसा माणशी लागणारा जोर घटत जातो. आपला वाटा कुणाला वेगळा दिसत नाही, ही भावना हे त्याचे एक कारण मानले जाते. याच्या उलट, १९२० च्या दशकात ओटो कोलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने बर्लिनच्या नौकानयनपटूंना जोडीने वजन उचलायला लावले, तेव्हा ज्या जोडीत एकाने हार मानताच दोघांचे काम थांबणार होते, त्या जोडीतला दुबळा गडी एकट्याने टिकला असता त्याहून अधिक वेळ टिकला. या वाढीव चिकाटीला ‘कोलर परिणाम’ म्हणतात, आणि दोघांच्या ताकदीतला फरक मध्यम असताना तो सर्वाधिक दिसतो.

यातून संघनायकाला दोन धडे मिळतात. पहिला असा की, संघातील चौथ्या-पाचव्या स्पर्धकाला त्याची धाव केवळ भरतीची नाही हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे, कारण स्लॅलमसारख्या प्रकारात, जिथे खांब जवळजवळ असतात आणि एक फाटक चुकले की धाव बाद होते, पहिल्या तिघांपैकी कुणीही केव्हाही बाहेर पडू शकतो आणि मग चौथ्याची, दोघे बाहेर पडले तर पाचव्याचीही, वेळ बेरजेत येते. दुसरा असा की, नवख्याची सरावातील जोडी संघातल्या सर्वोत्तम खेळाडूशी लावण्याऐवजी त्याच्याहून थोड्याच सरस खेळाडूशी लावावी. गाठता येण्याजोगे अंतर माणसाला पुढे ओढते, तर अवाढव्य अंतर त्याला खचवते.

यावर दोन आक्षेप येऊ शकतात. ‘सगळे तुझ्यावर अवलंबून आहे’ असे ऐकवल्याने स्पर्धक दडपणाखाली येतो, हा पहिला. तो रास्त आहे, आणि म्हणूनच त्याच्या धावेच्या महत्त्वाची जाणीव सरावाच्या काळात द्यावी, प्रारंभाच्या फाटकापाशी मात्र निकालाविषयी अवाक्षर न काढता फक्त पुढच्या वळणांविषयी बोलावे. संघातील जागा मोजक्या असल्याने सहखेळाडू हेच एकमेकांचे पहिले प्रतिस्पर्धी असतात, हा दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. त्याला उपदेश हे उत्तर नव्हे. निवडीचे निकष हंगामापूर्वी ठरवून जाहीर केले तर शर्यतीच्या दिवशी माहिती दडवण्याचे कारण बरेच कमी होते.

जागा गमावलेल्याशी संघ कसा वागतो, यात त्याची खरी परीक्षा असते. गुडघ्याचा अस्थिबंध फाटणे ही या खेळातील नेहमीची दुखापत असून तिच्यातून सावरायला अनेक महिने लागतात. त्या काळात खेळाडूला चित्रीकरण, वेळनोंद किंवा मेणाचे काम सोपवले तर त्याचे संघातील स्थान अबाधित राहते. २०१६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संघातून वगळलेली पॉला मोल्टझन व्हर्माँट विद्यापीठाच्या संघाकडून खेळू लागली, २०१७ मध्ये तिने स्लॅलमचे एनसीएए विजेतेपद मिळवले, आणि पुढे राष्ट्रीय संघात परतून २०२३ च्या जागतिक स्पर्धेतील सांघिक सुवर्णपदकात व २०२५ च्या जायंट स्लॅलममधील कांस्यपदकात तिचे नाव लागले. एका उदाहरणाने नियम सिद्ध होत नाही. पण वगळल्या गेलेल्याला पुन्हा उभे राहायला महाविद्यालयीन संघ जागा देऊ शकतो, एवढे त्यातून निश्चित दिसते.

उत्तर अमेरिकेतील मराठी घरांतील मुले आता बर्फाळ प्रदेशांतील महाविद्यालयांत शिकत आहेत, आणि ज्यांच्या पालकांनी लहानपणी बर्फ पाहिलाही नसेल अशी काही मुले क्लब-संघांत दाखल होतील. शर्यतीहून परतलेल्या मुलाला ‘नंबर कितवा आला?’ हा प्रश्न घरोघरी सवयीने विचारला जातो. त्याच्या जोडीला ‘आज रेडिओवरून कुणाला काय कळवलेस?’ हेही पालकांनी विचारावे.