उलट उत्तराला शिक्षा कोणती?

"पोट्टं ऐकतच नाही ताई. काही म्हटलं तं अंगावर येते." बचत गटाची बैठक दारव्ह्यात असो, घाटंजीत असो की आर्णीजवळच्या एखाद्या खेड्यात, हप्ते गोळा झाले, रजिस्टरवर सह्या-अंगठे झाले, की चहाच्या वेळेला गाडी हमखास या विषयावर येते. आठवी ते बारावीतली मुलं-मुली हे सध्या प्रत्येक घरचं दुखणं झालं आहे. आणि त्यावर दोनच उपाय सांगितले जातात. एखादी आजी म्हणते, "आमच्या वेळी असं बोललो असतो तर बापानं जागेवर सरळ केलं असतं. द्या दोन ठेवून!" तर एखादी तरुण आई घाबरून म्हणते, "नको बाई, हल्लीची मुलं हळवी असतात. काही बोललं आणि जिवाचं बरंवाईट करून घेतलं तर? त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं."

म्हणजे एक तर हात उचला, नाही तर हात टेका! मैत्रिणींनो, या दोन्ही टोकांना काय होतं, ते गेल्या काही वर्षांत आपल्याच महाराष्ट्रानं पाहिलं आहे.

जून २०२५ मधली सांगली जिल्ह्यातली बातमी आपण सगळ्यांनी वाचली असेल. आटपाडी तालुक्यातल्या एका गावातली सतरा वर्षांची मुलगी. बारावीत शिकणारी, दहावीला नव्वदच्या वर टक्के मिळवलेली. डॉक्टर होण्यासाठी नीटची तयारी करत होती. सराव परीक्षेत मार्क कमी पडले म्हणून वडील रागावले. वर्तमानपत्रांत आलं त्याप्रमाणे, तिनं त्यांना उलट उत्तर दिलं. तुम्हाला तरी कुठं एवढे मार्क पडले होते, अशा अर्थाचं काहीतरी ती बोलली. वडिलांनी जात्याच्या लाकडी खुंट्यानं तिला मारलं आणि त्यात ती गेली. आईनं पोलिसांत तक्रार दिली, वडिलांना अटक झाली. हे वडील कोणी अडाणी, दारुडे नव्हते. ते स्वतः शिक्षक होते. दिवसभर दुसऱ्यांची मुलं शिकवणारे.

आता दुसरं टोक. १९ मे २०२४ ची पहाट. पुण्यातल्या कल्याणीनगरात एका सतरा वर्षांच्या मुलानं भरधाव चालवलेल्या महागड्या मोटारीनं दुचाकीवरून जाणाऱ्या दोन तरुण अभियंत्यांना उडवलं. दोघंही गेले. मुलगा पबमधून निघाला होता. वाहन चालवण्याचा परवाना मिळण्याचं त्याचं वय नव्हतं, गाडीची नोंदणीही पूर्ण झालेली नव्हती. बाल न्याय मंडळानं पहिल्यांदा जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, म्हणून देशभर संताप उसळला. पुढे मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून त्याच्या आईलाही अटक झाली. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. पण त्या रात्री सतरा वर्षांच्या मुलाच्या हातात गाडी होती, आणि 'नाही' म्हणणारं कोणी नव्हतं, एवढं तर उघड आहे.

सांगलीच्या घरात एका शब्दाला शिक्षा झाली. पुण्याच्या घरात मुलाच्या कृतीलाही लगाम नव्हता. मला वाटतं, आपल्या घराघरांत थोड्याफार प्रमाणात हेच चाललेलं असतं. मुलगा तोंड वर करून बोलला की घर डोक्यावर घेतलं जातं. आणि तोच मुलगा चौदाव्या वर्षी वडिलांची मोटारसायकल घेऊन पेट्रोल पंपावर जातो, तेव्हा "हुशार आहे हो आमचा" म्हणून कौतुक होतं. पानठेल्यावरून तो खर्रा घोटून आणतो, सुरुवातीला काकांसाठी आणि नंतर स्वतःसाठी, तिकडे कोणाचं लक्ष नसतं. म्हणून कडक किती असावं, हा प्रश्न मला थोडा चुकीचा वाटतो. कडक कशाबाबत असावं, हा खरा प्रश्न आहे. माझं उत्तर असं, की बोलण्याबाबत थोडं सैल राहावं आणि वागण्याबाबत कडक.

कोणी म्हणेल, मग काय मुलांचे टोमणे ऐकून घ्यायचे? तर आधी हे वय समजून घेऊ. पुढचा विचार करून स्वतःला आवरण्याचं काम मेंदूचा कपाळामागचा भाग करतो आणि तो पूर्ण तयार व्हायला वयाची पंचविशी उजाडते, असं मेंदूचे अभ्यासक सांगतात. राग, लाज, अपमान या भावना मात्र तेराव्या-चौदाव्या वर्षीच पूर आल्यासारख्या येतात. म्हणजे बैल तरणे आणि कासरा कच्चा! अशा वयात तोंडातून शब्द सुटतो आणि मागाहून त्यालाच वाईट वाटतं. शिवाय वाद घालणं म्हणजे दरवेळी अपमान करणंच नसतं. "मला गणित जमत नाही, मी आर्ट्सला जातो," हे मुलगा चढ्या आवाजात बोलला, तरी त्यात ऐकण्यासारखं काही आहे की नाही? आवाजाला शिक्षा करण्याच्या नादात आपण म्हणणंच ऐकत नाही.

आता मारण्याचं बघू. २०१६ साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी गेल्या पन्नास वर्षांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यात मिळून एक लाख साठ हजारांहून जास्त मुलांची माहिती होती. मार खाणारी मुलं जास्त ऐकतात असं त्यात दिसलं नाही. उलट हट्टीपणा, आक्रमकपणा आणि मनाचे त्रास मार खाणाऱ्या मुलांत जास्त आढळले. आपल्याकडेही २००७ मध्ये केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं १३ राज्यांत पाहणी केली होती. दर तीन मुलांमागे दोघांनी मार खाल्लेला होता. ज्यांना घरात मार बसला, त्यांतल्या जवळजवळ ८९ टक्के मुलांना मारणारे आईवडीलच होते. मारून मुलं सुधारत असती, तर आपला देश एव्हाना शिस्तीचा नमुना झाला नसता का?

कायदाही आपल्याला माहीत हवा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेत मारायला आणि मानसिक छळाला बंदी केली. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं ७५ वं कलम तर ज्याच्या ताब्यात मूल आहे त्या प्रत्येकाला लागू होतं, आईवडिलांनासुद्धा. मुलाला अकारण यातना होतील अशी मारहाण केली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. मुलाकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणाऱ्यालाही हेच कलम लागतं. पुण्याच्या प्रकरणात मुलाच्या वडिलांवर जो गुन्हा दाखल झाला, त्यात हेच ७५ वं कलम होतं. म्हणजे मारणं आणि मोकाट सोडणं, कायद्यानं दोन्ही एकाच कलमात बसवलं आहे.

आजी मंडळी यावर 'श्यामची आई'चा दाखला देतात. खरं आहे, पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला त्याच्या आईनं मारलं होतं. पण साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात बसून त्या आठवणी लिहिल्या, त्या मारासाठी नव्हे. मुलानं भित्रं राहू नये ही आईची तळमळ आणि नंतरची तिची माया, ही त्यांच्या मनात राहिली. तिनं स्वतःचा अपमान झाला म्हणून मारलं नव्हतं. आपला हात उठतो तेव्हा तो कशासाठी उठतो, हे मनाशी तपासावं. बहुतेक वेळा "चार लोकांसमोर मला असं बोलला" हेच कारण निघतं. नीटच्या मार्कांचंही तसंच. सोयाबीन विकून, कधी दागिना मोडून लातूरला, नांदेडला क्लासची फी भरलेली असते. त्या पैशाचा जीव जाळणारा घोर असतो. पण बाजारभाव पडल्याचा राग मुलीच्या सराव परीक्षेवर निघाला, तर त्याला शिस्त कसं म्हणायचं?

आता बायकांनीच बोलावं अशी एक गोष्ट. बैठकीत कितीतरी जणी सांगतात, पोरगा बापाला काही बोलत नाही, मलाच बोलतो. "तुला काय समजते" हे वाक्य तो कुठून शिकला? रोज जेवणाच्या ताटावर त्यानं वडिलांच्या तोंडून तेच ऐकलेलं असतं. अशा घरात मुलाला कितीही शिक्षा केली तरी उपयोग नाही. तिथं पहिली शिस्त मोठ्यांना लागते. तसंच मुलगी उलट बोलली की "सासरी नाव काढशील" म्हणून तिचं तोंड बंद करतात आणि मुलगा बोलला की "मर्दाची जात आहे" म्हणतात. उद्या कोणी अंगाला हात लावला तर ओरडता यावं, असं आपल्याला मुलीकडून हवं असतं. मग घरात तिला 'नाही' म्हणायला शिकू द्यायला नको का?

सैल सोडा असं मात्र मी मुळीच म्हणत नाही. चारपाच नियम असावेत, पण ते पक्के. नियम रागाच्या भरात नव्हे, तर रविवारी सगळे निवांत असताना, मुलांना विचारून ठरवावेत. रात्री ठरल्या वेळेनंतर मोबाईल सगळ्यांचाच फळीवर, आईवडिलांचासुद्धा. परवाना नाही तोवर गाडीची किल्ली नाही. गिअरची गाडी अठरा वर्षांशिवाय चालवता येत नाही आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं चालवताना गुन्हा घडला तर पालकाला किंवा मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खर्रा, दारू, पैशांची चोरी, कोणावर हात उचलणं, मुलींची छेड काढणं, यात तडजोड नाही.

शिक्षा गुन्ह्याला धरून असावी. गाडी लपून नेली तर महिनाभर बसनं किंवा पायी. पैसे उचलले तर सुटीत काम करून फेडायचे. उपाशी ठेवणं, घराबाहेर काढणं, नातेवाइकांसमोर पाणउतारा करणं या शिक्षा नव्हेत, तो सूड आहे. आणि आईनं सांगितलेली शिक्षा वडिलांनी मोडू नये, वडिलांनी सांगितलेली आजीनं मोडू नये. घरातल्या मोठ्यांत फट दिसली की मूल बरोबर त्यातून निसटतं.

राहता राहिलं उलट उत्तर. त्यालाही उपाय आहे. शिवी दिली, तुच्छ बोलला, तर शांतपणे सांगावं, "हे असं बोलणं मला चालणार नाही. नीट बोलशील तेव्हा ऐकेन." आणि खरंच तिथून उठावं. भांडी घासायला जावं, शेतात जावं, पण त्याच्या आवाजात आवाज मिसळू नये. तासाभरानं तो परत येतो. तेव्हा मात्र उणंदुणं न काढता ऐकावं. हा सोपा उपाय नाही. चापट मारायला क्षण पुरतो, याला वर्ष-दोन वर्षं धीर लागतो.

काही वेळा हे घरच्या घरी आवरत नाही. मूल एकदम घुमं झालं, जेवण-झोप तुटली, शाळा सोडली, मरणाची भाषा बोलू लागलं, तर त्याला उद्धटपणा समजून दुर्लक्ष करू नका. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, फोनवर समुपदेशक बोलतात, पैसे लागत नाहीत. मुलाला घरी मारहाण होत असेल तर १०९८ वर मुलानं स्वतः किंवा शेजाऱ्यानंही फोन करावा. शेजारच्या घरातून रोज पट्ट्याचा आवाज येतो आणि आपण "त्यांच्या घरचा मामला" म्हणून दार लावून घेतो, हे आता बंद व्हायला हवं.

बापाची चप्पल मुलाच्या पायात आली की त्याला मित्रासारखं वागवावं, असं आपले जुने लोक सांगून गेले. ती म्हण आजच्या मुलींनाही लागू करू या. येत्या बैठकीला हप्त्याबरोबर प्रत्येकीनं आपल्या घरचे पाच नियम लिहून आणायचे, असं आमच्या गटात ठरलं आहे. तुमच्या गटातही ठरवून बघा. नियम लिहिताना मुलाला जवळ बसवा. कदाचित तो सहावा नियम तुमच्यासाठी सांगेल. तेव्हा रागावू नका, तोही लिहून घ्या.