विवाहाचा हक्क आणि शिक्क्यांची साखळी

परदेशी नोकरी करणाऱ्या तरुणाने तेथेच विवाह करावयाचे ठरविले, तर बहुतेक ठिकाणी जन्माचा दाखला आणि अविवाहित असल्याचे प्रमाणपत्र त्याच्याकडे मागितले जाते. ही मागणी गैर नाही. पहिला विवाह लपवून होणाऱ्या फसवणुकीला तिने आळा बसतो. प्रश्न आहे तो कागद खरा ठरविण्याच्या पद्धतीचा.

वकिलातींच्या शिक्क्यांची साखळी तुटावी म्हणून १९६१ साली हेग करार झाला. ‘अपॉस्टिल’ या एकाच प्रमाणपत्रावर सदस्य देशांनी समाधान मानावे, असे ठरले. भारतात तो १४ जुलै २००५ पासून लागू आहे. परंतु आपल्याकडे परराष्ट्र मंत्रालयाच्या शिक्क्यापूर्वी राज्य शासनाचे वा उपविभागीय दंडाधिकाऱ्याचे साक्षांकन लागतेच. २०१२ पासून मंत्रालयाचे अर्ज खासगी संस्थांमार्फत घेतले जातात. मुलगा परदेशी, म्हणून हेलपाटे गावाकडच्या बापाला. ज्याच्यापाशी पैसा आहे तो दलाल गाठतो. शेतमजूर मात्र रोजगार बुडवून मुंबईची वाट धरतो.

आणि अपॉस्टिल सिद्ध काय करते? कागदातील मजकूर नव्हे, तर केवळ सही आणि शिक्का. म्हणजे शासनाची सही शासनाचीच आहे, हे सिद्ध करण्याचा भुर्दंड नागरिकाने सोसावयाचा! हा न्याय कोणता?

ही सोय तालुक्याच्या ठिकाणी, ठरलेल्या मुदतीत आणि जाहीर शुल्कात मिळालीच पाहिजे. तोवर कार्यकर्त्यांनी अशा कुटुंबांचे अर्ज स्वतः भरून द्यावेत. जोडीदार निवडण्याचा हक्क दलालाच्या दारात गहाण पडता कामा नये.