मधुमेह : पथ्याचा कागद पुरेसा नाही, शिक्षण हवे

"डॉक्टर, साखर बंद केली, आता गुळाचाच चहा घेतो." बेलापूर-श्रीरामपूरच्या ऊसपट्ट्यात हे वाक्य नेहमी ऐकू येते. गुळातही मुख्यतः साखरच असते. एकादशीला खिचडी 'हलकी' म्हणून खातात. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. उलट काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. पथ्य पाळायची तयारी असते, ते कसे पाळायचे हे कोणी शिकवलेले नसते.

आयसीएमआरच्या 'इंडियाब' अभ्यासानुसार (२०२३) भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यांना केवळ चिठ्ठी लिहून देणे हा अर्धाच उपचार आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्व-व्यवस्थापन शिक्षण म्हणजे आहार, व्यायाम, औषधे, साखर तपासणी, पायांची काळजी आणि साखर कमी झाल्याची लक्षणे रुग्णाला समजावून देणे व त्याच्याकडून सराव करून घेणे. एचबीए१सी ही तपासणी मागील सुमारे तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवते. २०१६ मध्ये ११८ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात शिक्षण मिळालेल्यांचे एचबीए१सी सरासरी ०.७४ ने, तर इतरांचे ०.१७ ने घटले. एकूण १० तासांपेक्षा जास्त शिक्षण मिळालेल्या गटांत फायदा अधिक वेळा दिसला.

ओपीडीतल्या पाच मिनिटांत हे होणार नाही. म्हणून काय करावे?

१. घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला सोबत आणा. पथ्य स्वयंपाकघरात ठरते.

२. अर्धे ताट भाजी-कोशिंबीर, पाव ताट डाळ, उसळ किंवा अंडी आणि उरलेल्या पाव ताटात भाकरी किंवा भात. बाजरीची भाकरीही मोजूनच.

३. ग्लुकोमीटर असल्यास जेवणापूर्वी आणि जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी साखर तपासा. एक दिवस नेहमीचे ताट, दुसऱ्या दिवशी वरचे. दोन्ही आकडे वहीत लिहा. स्वतःचा आकडा पाहिला की पथ्य पटते.

४. निदान झाल्यावर, नंतर दरवर्षी आणि गुंतागुंत उद्भवल्यास पुन्हा शिका. एकदा ऐकलेले विसरले जाते.

गावोगावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांत तपासणीबरोबर असे वर्ग नियमित भरवावेत, आणि आम्ही खासगी डॉक्टरांनीही त्यासाठी वेळ द्यावा. मात्र शिक्षण औषधाला पर्याय नाही. आकडे सुधारले तरी गोळ्या-इन्सुलिन स्वतःहून बंद करू नका.